चार मिलिमीटर

पाऊस असा आडवा आला, की छत्री असून नसून सारखीच. मी भिजले तर वाळले असते; प्रश्न छातीशी धरलेल्या फायलीचा होता. तिच्यात माझ्या सगळ्या गुणपत्रिका, त्यांच्या साक्षांकित प्रती, जन्माचा दाखला, लसींचं पुस्तक आणि परदेशातल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र होतं. सोळा वर्षांचं शिक्षण, आणि वरून एक पातळ प्लास्टिक. झेरॉक्सच्या दुकानातून निघून पंधरा पावलंही झाली नव्हती. समोर जो दरवाजा दिसला, त्यात मी शिरले.

शिरले म्हणजे अर्धीच. आतली फरशी नुकती पुसलेली होती आणि माझ्या अंगातून पाणी निथळत होतं. मी पायपुसण्यावरच थबकले.

"फाईल आत द्या," काउंटरमागून आवाज आला. "तुम्ही बाहेर राहिलात तरी चालेल."

मी ओल्या बाहीने चष्मा पुसत होते. त्यामुळे मला फक्त एक उंच, धुरकट आकृती दिसली. आकृतीने एक मऊ कापड पुढे केलं.

"बाहीनं काच पुसणाऱ्यांना मी खरं तर दुकानात घेत नाही."

"मग मला घेतलंत ते?"

"तुम्हाला कुठं? फायलीला घेतलंय."

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. आकृतीचा माणूस झाला. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसू येऊ नये म्हणून ओठ जरा जास्तच घट्ट मिटलेले. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या चौकटी रांगेने बसलेल्या, कुणाचा तरी चेहरा मिळायची वाट बघत.

"चौदा नंबर माझं काम आहे," तो म्हणाला.

फायलीत सगळ्यांत वर माझी यादी होती. निघण्याआधीची एकेचाळीस कामं, क्रमांक घालून. चौदा – जादा चष्मे, दोन.

"दुसऱ्याचे कागद वाचता?"

"इथं धंदाच तो आहे. कुणाला काय वाचता येतं ते बघणं." त्याची नजर खाली सरकली. "पंधरा, नवे बूट आधीपासून घालून मऊ करणे. सोळा, स्वतःचे केस कापायला शिकणे..." त्याने माझ्याकडे बघितलं. "सोळा झालेलं दिसतंय."

माझा हात आपोआप केसांकडे गेला. "नाही झालेलं!"

"मग पाऊस असेल," तो म्हणाला, आणि आता मात्र त्याला हसू आवरलं नाही.

निघायला चोवीस दिवस होते. दोन वर्षांचा हवामानशास्त्राचा अभ्यासक्रम, तोही अशा ठिकाणी जिथे, सगळे सांगत होते, डोळे तपासायची वेळ मिळायलाच महिने जातात. पाऊस थांबत नव्हता. मी म्हटलं, आलेच आहे तर चौदा नंबर उरकून घेऊ.

त्याने मला खुर्चीत बसवलं, नाकावर एक जड गोल चौकट ठेवली आणि तिच्यात एकेक भिंग घालू लागला. "हे बरं, की मघाचं?... आता? हे बरं, की मघाचं?" पावसाच्या आवाजात त्याचा आवाज खाली उतरत गेला. मी नेमकं उत्तर द्यायचा प्रयत्न करत होते. घरात मला 'मोजपट्टी' म्हणतात ते उगाच नाही. बाबा निवृत्त होईपर्यंत वजनं-मापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून पितळी वजनांची पेटी घेऊन फिरले. मला चालायच्या आधी मोजायला शिकवलं असं आई म्हणते.

"उणे साडेपाच," शेवटी तो म्हणाला. "अर्ध्या नंबरनं वाढलाय. चष्म्याशिवाय तुम्हाला मी दिसतो का?"

"माणूस आहे एवढं कळतं. चांगला की वाईट, ते नाही."

"ते काय, चष्मा लावूनही कळत नाही बऱ्याच जणांना." त्याने खिशातून एक छोटी पट्टी काढली. "आता शेवटचं. दोन बाहुल्यांमधलं अंतर. भिंगाचा मध्य बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवा. माझ्या डोळ्यात बघा."

"कुठल्या?"

"जो उघडा आहे त्या."

तो हातभर अंतरावर बसला. एक डोळा मिटला. पट्टी माझ्या नाकाच्या दांड्यावर टेकवली, तेव्हा त्याच्या बोटांना काच पुसायच्या पाण्याचा वास होता. मी त्याच्या उघड्या डोळ्यात बघितलं. तपकिरी बुबुळात, खालच्या बाजूला, एक मधासारखा ठिपका होता. इतक्या जवळचं मला चष्म्याशिवायही थोडंफार दिसतं. बाहेर पाणी गटारात कोसळत होतं. त्याची पापणी एकदाही लवली नाही. माझीही.

किती वेळ गेला, मी मोजला नाही. आयुष्यात मोजायच्या राहून गेलेल्या गोष्टी मी बोटांवर सांगू शकते. ती त्यांतली एक.

"अठ्ठावन्न," तो घसा साफ करत म्हणाला आणि लिहून ठेवलं.

मग त्याने एक जाड कार्ड भरलं. नंबर, तारीख, अंतर. तळाशी छापलेलं होतं – 'पुढील तपासणी', आणि पुढे रिकामी रेघ. तिच्याखाली बारीक टायपात – 'येताना जुना चष्मा सोबत आणावा'.

"ही रेघ भरायची राहिली," मी म्हटलं.

"परदेशी जाणाऱ्यांची मी भरत नाही."

"का?"

"कशाला उगीच?" तो टोपण लावत म्हणाला.

मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि एक वयस्क बाई हातात काचा पुसायचं कापड घेऊन बाहेर आल्या. त्याची आई. त्यांनी 'परदेशी' एवढाच शब्द ऐकला होता.

"तिकडं चाललीस का पोरी? आमचा थोरलाही तिकडंच आहे. दहा वर्षं झाली." माझं तिकडं आणि त्यांचं तिकडं यांत एक अख्खा महासागर होता, पण त्या बाईंच्या नकाशात 'इथं' आणि 'तिकडं' अशा दोनच जागा होत्या. त्यांनी काउंटरचा खालचा खण ओढला. आत चष्म्यांच्या दहा डब्या, ओळीने. "दरवर्षी एक करून ठेवतो. आला की लागेल ना."

"आई, पुरे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण दुकानात एकदम थंड वाटलं.

* * *

चष्मे पाच दिवसांनी मिळणार होते. त्या पाच दिवसांत मी तीनदा गेले. एकदा चौकटीचा रंग बदलायला. एकदा बदललेला रंग परत बदलायला. तिसऱ्यांदा मी कारण ठरवायच्या आतच दारात पोचले होते.

"आज काय?" त्याने विचारलं. "की आज पण नुसतीच फाईल आलीय?"

"मला स्क्रू बसवायला शिकायचंय," मी म्हटलं. "तिकडे दांडी निघाली तर?"

त्याने शिकवलं. कापडावर बारीक स्क्रू ठेवायचे, नाही तर गडगडत जातात. पेचकस बोटांत धरायचा, मुठीत नाही. नाकाच्या गाद्या कशा बदलायच्या, वाकडी झालेली दांडी कोमट पाण्यात धरून कशी सरळ करायची. माझा एक स्क्रू तीनदा पडला. तीनदा आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली.

"चौथ्यांदा पडला तर एकटीनं शोध," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठल्या स्क्रूबरोबर गडगडत गेलं कुणास ठाऊक.

"शोधते की. तिकडे तू थोडाच असणार आहेस?"

मी हसत म्हटलं होतं. तो मान खाली घालून चाचपत राहिला. स्क्रू त्याच्या हातात कधीच सापडला होता, हे मला दिसत होतं.

थोरल्या भावाची गोष्ट त्याने त्याच दिवशी सांगितली, तुकड्यातुकड्यांत. भाऊ शिकायला गेला, मग नोकरी, मग घर. पहिल्या वर्षी रोज फोन. मग रविवारी. मग सणासमारंभाला. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा भावाने फुलं पाठवली. "म्हणजे इथल्याच दुकानातून मागवलेली," तो म्हणाला. "पत्ता सांगायला मलाच फोन आला होता."

"आणि चष्मे?"

"आईला हवे असतात. दहा वर्षांपूर्वीच्या नंबरचे."

नवे चष्मे आले. मी दुकानातच घालून बघितले, तक्त्याची शेवटची ओळ वाचली, आणि तो समोर आरसा धरून उभा होता तर आरशाऐवजी त्याच्याकडे बघितलं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं.

* * *

भुवयांच्या मधोमध, एखादा दोरा आतून ओढावा तसं. पाट्यांवरचं, रस्त्यापलीकडचं, आकाशातलं, काहीही लांबचं बघितलं की ओढ सुरू. मी त्याला सांगितलं.

"नंबर वाढलाय. दोन दिवस लागतात सवय व्हायला."

दोनाचे सहा दिवस झाले. मी स्वतःचीच समजूत घातली, की हे जाण्याचं टेन्शन आहे. दिवस भराभर गळत होते. दाढ भरून झाली. मोबाइलचा इथला नंबर चालू ठेवायची सोय झाली. बूट अजून टाचेला चावत होते. संध्याकाळी बाबा बैठकीच्या खोलीत बॅग टांगून वजन करत. पण त्याआधी दर वेळी काट्याला जुनं पितळी वजन लावत.

"काल तर तपासला होता काटा," मी कपाळ दाबत म्हटलं.

"काल काल होता. माप चुकलं, की माणूस मालावर संशय घेतो," बाबा डोळा बारीक करून आकडा बघत होते. "आधी काटा तपासावा. तेवीस किलो सातशे. तेवीसचीच परवानगी आहे. स्वेटर काढ एक."

"स्वेटर काढ काय? बर्फात जाणार आहे ती!" आई आतून ओरडली. "तुमची ती पितळेची धोंड काढा घरातून, म्हणजे माझं वजन कमी होईल."

मी मात्र बाबांच्या वाक्यापाशी थांबले. आधी काटा तपासावा.

खोलीत जाऊन मी आलेखाचा कागद काढला. भिंगातून रेघ बघितली की ती तुटलेली दिसते; भिंगाचा मध्य बरोबर रेघेवर आला की ती अखंड होते. दोन्ही भिंगांचे मध्य शोधून मी खुणा केल्या आणि अंतर मोजलं. नवा चष्मा – अठ्ठावन्न मिलिमीटर. जुना, ज्याने कधीच डोकं दुखलं नव्हतं – बासष्ट. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. दुसरा नवा चष्माही अठ्ठावन्न.

चार मिलिमीटर. माझ्या डोक्यातला सहा दिवसांचा दोरा एवढाच लांब होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मी दारात उभी होते. त्याने माझा कागद बघितला, पट्टी काढली, माझ्यासमोर बसला. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. आकडा वाचला आणि पट्टी खाली ठेवली.

"बासष्ट," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. "तुझं बरोबर आहे."

"मग अठ्ठावन्न कुठून आलं?"

"समोरचा माणूस जवळ बघतो, तेव्हा त्याचे डोळे आत वळतात. म्हणून लांबचं माप घेताना मी आधी एक डोळा उघडा ठेवायचा, मग दुसरा. म्हणजे तुझा एकेक डोळा माझ्या एकेका डोळ्याकडे सरळ बघतो, लांब बघितल्यासारखा. मी... दुसरा डोळा उघडलाच नाही. एकाच डोळ्यानं बघत राहिलो. ते जवळचं माप आलं." तो थांबला. "या चष्म्यातून लांबचं बघायला गेलीस की तो तुझे डोळे आत ओढतो. हातभर अंतरावर कुणी असेल, तरच तो बरोबर आहे."

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. मला राग यायला हवा होता.

"किती जणांच्या बाबतीत झालंय असं?"

"सहा वर्षांत? एकाच्याही नाही."

"मग माझ्याच वेळी का?"

तो कापडाची घडी घालत होता. चौकोनी घडी, मग आणखी छोटी, मग आणखी छोटी. "तू बघत होतीस," तो म्हणाला. "मी विसरलो... पुढं काय करायचं असतं ते."

मी वाट बघितली. या वाक्यानंतर दुसरं वाक्य येतं. सगळ्यांना ठाऊक असतं कुठलं. घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. तेरा दिवस उरले होते.

"तीन दिवसांत दोन्ही नवे करून देतो," तो म्हणाला.

"बस? एवढंच?"

"आणखी काय बोलू?"

"मी कशाला सांगू? तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे." त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणूनच नाही बोलत. मी तुला थांब म्हणणार नाही. तू सोळा वर्षं या फायलीसाठी घालवलीस. आणि वाट बघतो, असंही म्हणणार नाही. या घरात एक माणूस वाट बघतंय, तेवढं पुरे आहे."

"मी तुझा भाऊ नाही."

"जाताना तोही नव्हता तसा."

मी दोन्ही चष्मे काउंटरवर ठेवले, जुना डोळ्यांवर चढवला आणि निघून आले. रस्ता ओला होता, आणि चष्मा बरोबर असूनही मला नीट दिसत नव्हतं.

* * *

तीन दिवस झाले. सहा झाले. दहा झाले. मी गेले नाही. यादीतली चाळीस कामं खोडली गेली. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी. भिंतीतल्या वेगळ्या भोकांसाठी वेगळा प्लग. कागदांचे तीन संच – एक हातात, एक बॅगेत, एक घरी. केस मी खरोखरच स्वतः कापले, आणि आई तासभर माझ्या डोक्याकडे बघून "वाढतील," एवढंच म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने यादी हातात घेतली. "मोजपट्टी, चौदा नंबर राहिलाय."

"जुना आहे की एक. चालेल."

"उणे साडेपाचवाली पोरगी एका चष्म्यावर परमुलखात निघालीय." ती माझ्याशेजारी पलंगावर बसली. "चष्मेवाल्यानं काही वाकडं केलंय का?"

"काही केलं नाही, हाच तर त्रास आहे."

आईने उठून माझे नवे बूट दारात आणून ठेवले. "चावले तरी चालावं लागतं थोडं," ती म्हणाली. "त्याशिवाय मऊ होत नाहीत."

दुकानात त्याच्या आई एकट्याच होत्या. त्यांनी मला बघितलं आणि आधीच तयार ठेवलेल्या दोन डब्या काउंटरवर मांडल्या.

"तो काचा आणायला गेलाय. येईलच." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी मी पडद्यामागे होते. कान काय, म्हातारे झाले तरी चालतात."

मी खाली बघितलं.

"त्याला वाटतं, मी वाट बघते. पहिली दोन-तीन वर्षं बघितली गं. मग सोडलं. आई आहे मी, खुळी नाही. दहा वर्षांत माणसाचा नंबर तोच राहतो होय? दरवर्षी मी त्याला विचारते, 'थोरल्याचा करायचा ना रे?' मला वाटतं, यंदा तरी हा नाही म्हणेल. तर हा दोन-दोन दिवस खपून काचा घासतो."

"मग तुम्हीच नको म्हणा ना, काकू."

"मी नको म्हटलं, तर त्याला वाटेल, आईनं आशा सोडली. तो नाही म्हणत नाही, कारण त्याला वाटतं, आई मोडेल." त्या ओलसर हसल्या. "दोघं एकमेकांना धरून उभे आहोत. दोघांनाही वाटतंय, दुसराच लंगडा आहे. खरी वाट तोच बघतो, पोरी. पार त्या दारातल्या पायपुसण्याइतकी झिजलीय त्याची नजर."

दारात छत्री मिटल्याचा आवाज आला. त्या उठल्या आणि पडद्याआड गेल्या.

तो मला बघून दारातच उभा राहिला. ओल्या छत्रीतून फरशीवर पाणी गळत होतं, पण त्याला ते दिसत नव्हतं.

"केस..." तो म्हणाला.

"सोळा नंबर. या वेळी पाऊस नाही."

तो हसला नाही. मीही नाही. त्याने एक चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, कानामागे दांडी नीट बसवली. बोटं गार होती. मी दाराबाहेर बघितलं – रस्ता, समोरची गच्ची, तिच्यावरचा राखाडी ढग. कपाळातला दोरा ओढला गेला नाही. लांबचं लांब होतं, आणि स्वच्छ होतं.

"हे बरं, की मघाचं?" त्याने विचारलं.

"बघायला हे," मी म्हटलं. "मघाचे दोन्ही कुठे आहेत?"

"आत. मोडीत काढायचेत."

"एक मला दे."

"डोकं दुखेल."

"लांबचं बघताना. लांबचं बघायला हा आहे."

त्याने आतून तिसरी डबी आणली. मी फायलीतून कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. "हे भर."

"अंतर बदललंय. बासष्ट लिहितो."

"ते लिही. आणि खालची रेघ पण."

त्याचा हात थांबला. "मी सांगितलं होतं..."

"नियम काय आहे तुझ्या धंद्यात? किती दिवसांनी डोळे तपासायचे?"

"वर्षानं."

"मग नियमानं लिही. पुढच्या उन्हाळ्यात मला दोन महिने सुट्टी आहे. मी येईनच असं म्हणत नाही. तू वाट बघ असंही म्हणत नाही. डोळे आहेत, नंबर बदलतो, तपासावा लागतो... एवढंच."

"आणि नाही आलीस तर?"

हा प्रश्न माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होतं. दहा वर्षं तो त्या खणात डब्यांमध्ये ठेवलेला होता.

"नाही आले तर माझ्यासाठी जुन्या नंबरचा चष्मा करायचा नाही," मी म्हटलं. "एकही नाही. तेवढा शब्द दे. नंतर मी कुणीही असेन, पण उणे साडेपाच, बासष्ट, ती मुलगी नसेन. तिच्यासाठी काचा घासायच्या नाहीत."

पडद्यामागची हालचाल थांबली होती. त्याने पडद्याकडे बघितलं. मग खालच्या खणाकडे. त्याचे डोळे भरले, पण आवाज सरळ आला.

"नाही करणार," तो म्हणाला. जरा मोठ्याने. पुन्हा एकदा, माझ्याकडे न बघता, "कुणासाठीच नाही करणार."

आत काहीतरी हलकेच खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि एक लांब सुस्कारा.

मग तो लिहायला वाकला. एका तारखेसाठी लागतो त्याहून जरा जास्तच वेळ लिहीत होता. शाई वाळायला फुंकर घातली, कार्ड दुमडून डबीत सरकवलं आणि डबी माझ्या तळहातावर ठेवली. हात मात्र लगेच उचलला नाही. हातभर अंतरावर त्याचे डोळे होते, दोन्ही उघडे, आणि मधाचा ठिपका ओला दिसत होता.

"तुझी आठवण येईल, असं म्हणायची पद्धत आहे," तो म्हणाला.

"मग म्हण."

"आत्तापासूनच येतेय." त्याने हात काढला. "जा आता. पाऊस वाढेल."

संध्याकाळी बाबांनी आधी काटा तपासला, मग बॅग टांगली. "बावीस किलो नऊशे साठ," ते म्हणाले. "चाळीस ग्रॅम जागा आहे. काही राहिलंय?"

मी तिसरा चष्मा डबीतून काढून एका मोज्यात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. सव्वीस ग्रॅम. डबी हातात ठेवली. बाबांनी नवा आकडा वाचला आणि बॅग खाली उतरवली.

* * *

इथे चार वाजताच अंधारून येतं. खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीला खोली उबदार ठेवणारी कोमट पाण्याची नळी आणि एक खिडकी, जिच्यातून मला दुसऱ्या खिडक्या दिसतात. दिवसभर मी बरोबर चष्मा लावून ढगांचे फोटो मोजते. तो अचूक आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पहिले तीन महिने मी ती डबी उघडली नव्हती. काल बाहेर बर्फाचं पाणी पडत होतं, घरचा फोन लागत नव्हता, आणि टाच पुन्हा चावली होती. मी मोज्यातून चुकीचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. खिडकीकडे बघितलं. समोरचे दिवे लांब होते आणि डोळे आत ओढले जात होते, सहा दिवस ओढले गेले होते तसेच. कपाळात तोच दोरा. मी तो ओढू दिला.

मग डबीतून कार्ड काढलं आणि हातभर अंतरावर धरलं. तिथे सगळं स्पष्ट होतं. नंबर. बासष्ट. 'पुढील तपासणी'पुढे त्याच्या सरळ अक्षरात पुढच्या उन्हाळ्यातली तारीख. आणि तिच्याखाली, बारीक टायपातल्या त्या वाक्यात – 'येताना जुना चष्मा सोबत आणावा' – एकाच शब्दाखाली त्याने पेनाने रेघ मारली होती. एकदा नाही, दोनदा, कागदावर वळ उठेल इतकी दाबून.

'येताना'खाली.